चढाआधीचा मैल

काउंटीच्या साप्ताहिकाने एल्झी मॅककॉमसला आठवणी लिहायला सांगितल्या, त्यात त्याच्या लेखणीचं कौतुक वगैरे काही नव्हतं. शेतकी सल्ला लिहिणारे गृहस्थ वारले होते आणि तिसऱ्या पानावर दर गुरुवारी वीतभर जागा मोकळी पडत होती. मेलेल्या माणसाच्या जागी निवृत्त माणूस चालेल, असा संपादकाने हिशेब केला असावा.

एल्झी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. दोनांपैकी एकच गुडघा कामावर हजर होता. कोळशाच्या मालगाड्यांवर त्याने एकोणीस वर्षं फायरमनकी, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम, केलं होतं. पुढे वाफेची इंजिनं मोडीत गेली, डिझेलची आली, आणि त्यांत टाकायला काही नसूनही कंपनीने त्याला डाव्या बाकावर बरीच वर्षं नुसतं बसवून ठेवलं. आठवणी मुरायला एवढा निवांतपणा फार थोड्या लोकांना मिळतो.

पहिल्या पाच आठवड्यांत त्याने मजा उडवून दिली. तापलेल्या फावड्यावर तळलेली अंडी, रुळावर महाराणीच्या तोऱ्यात बसून राहिलेली एक गाय, शिट्टीची दोरी तुटली म्हणून बोगद्यातून ओरडत गेलेला ड्रायव्हर. न्हाव्याच्या दुकानात लोक त्याला म्हणायचे, "एल्झी, या गुरुवारी कोणाला इंजिनाखाली घालतोस?" तो म्हणायचा, "आधी वर्गणी भरली आहे का ते बघतो."

सहाव्या आठवड्यात त्याने साहेबांची गोष्ट लिहिली. एकावन्न सालच्या जानेवारीत मालगाडी चढावर अडकली, मागून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये खुद्द विभागाचे मोठे साहेब होते, आणि ते हॅट सांभाळत बर्फातून वर चालत आले. हॅट उडाली ती कुठे उडाली, साहेब तिच्यामागे कसे धावले, हे त्याने फार रंगवून लिहिलं. पण गाडी अडकली म्हटल्यावर का अडकली हे सांगायला हवं. तेव्हा त्याच्या हाताने एक वाक्य लिहिलं: राखेच्या खड्ड्यावरच्या माणसाने आगीत खंगर तसाच ठेवला होता.

खंगर म्हणजे कोळसा वितळून भट्टीच्या जाळीवर बसते ती काचेसारखी लादी. तिच्यातून हवा वर येत नाही, वरची आग मरते. हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गुरुवारी त्याची बायको ड्रेमा स्वयंपाकघरात पेपर मोठ्याने वाचत होती. "हॅटचं झकास जमलंय," ती म्हणाली. "तुला एवढं सुचतं हे मला माहीत नव्हतं."

एल्झीच्या ताटात घेवडा आणि मक्याची भाकरी होती. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ताटात ठेवला.

"काय झालं?"

"दात दुखतोय."

"कुठला? वरचे तर काढलेत."

"खालचा," एल्झी म्हणाला, आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. समोर कुंपणाला लागूनच रूळ होते, आणि त्याच रुळांवर पुढे चढ सुरू होत होता.

*

त्या जानेवारीत थंडी अशी होती की दूधवाल्याच्या बाटल्यांची झाकणं बर्फाने वर उचलली जायची. खाणी आठवड्यातून दोनच दिवस चालत होत्या. लोकांच्या दारावरून दिवसभर कोळसा जात होता आणि घरातल्या शेगड्या गार होत्या. देवाला विनोदाची आवड आहे, हे पटायला आमच्या खोऱ्यात राहावं लागतं.

म्हणून फायरमन लोक कोळसा टाकायचे. कुठल्या विधवेच्या परसात, कुठल्या पाय मोडलेल्या खाणकामगाराच्या कुंपणाशी, चालत्या इंजिनावरून चार मोठी ढेकळं. कंपनीला माहीत होतं आणि माहीत नव्हतं. याचे नियम मात्र कंपनीच्या नियमांपेक्षा कडक. ढेकूळ इंजिनाच्या स्वतःच्या साठ्यातलं हवं, मागच्या डब्यातल्या मालाला हात लावायचा नाही, ती चोरी. आणि टाकायचं ते सपाटीवर. चढाआधीच्या मैलात कोणी कोळसा टाकत नसे. त्या मैलात आग उभारायची असते: पातळ थर, कोपऱ्याकोपऱ्यात, हळूहळू, कारण चढाच्या तोंडाशी वाफेच्या दाबाचा काटा दोनशेवर हवा. तिथे फायरमनने बायकोचं नावसुद्धा विसरावं.

एल्झीचं घर नेमकं त्या मैलात होतं.

"हॅगरबाई भेटली दुकानात," ड्रेमा त्या सकाळी म्हणाली. "म्हणाली, तुझा नवरा किती गुणाचा गं, आमच्याकडे काल केवढं ढेकूळ टाकलं. मी म्हटलं, हो ना. आमच्याकडे नुसता हात हलवून जातो."

"ड्रेमा, तो चढाआधीचा मैल आहे."

"मला काय मैल शिकवतोस? मी त्यातच राहते. काल पाण्याच्या बादलीवर बर्फ धरला होता, चुलीपासून दोन हातांवर." तिने त्याचा जेवणाचा डबा टेबलावर जरा जोरात ठेवला. "सगळ्या खोऱ्याचा तू फायरमन. घरचा तेवढा पाहुणा."

एल्झीने डबा उचलला. ते वाक्यही त्याच्याबरोबर यार्डात गेलं.

यार्डात राखेच्या खड्ड्यावर लुशियस टिन्सली होता. इंजिन खड्ड्यावर उभं राहिलं की लांब लोखंडी आकड्याने आग चाळायची, जाळी हलवून राख खाली पाडायची, खंगर ओढून बाहेर काढायचा, हे त्याचं काम. बावीस वर्षं तो ते करत होता. पापण्या जळून गेलेल्या होत्या. एल्झीपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, पण काळा. म्हणून एल्झी त्याला "अरे लुशियस" म्हणायचा आणि तो एल्झीला "मिस्टर एल्झी". यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. म्हणजे, ज्यांना विचारलं जायचं त्यांना.

तिथली एक रीत होती. आग साफ झाली की साफ करणारा भट्टीचं दार उघडून बाजूला व्हायचा, फायरमनने वाकून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "घेतली." कागद नाही, सही नाही. पण हा शब्द तोंडातून पडला की ती आग फायरमनची. मागाहून तिला नावं ठेवायची नाहीत.

"बघून घ्या, मिस्टर एल्झी," लुशियस म्हणाला.

एल्झी वाकला. आग पिवळसर पांढरी, सपाट, कडेपासून कडेपर्यंत कुठे काळा ठिपका नाही.

"हिच्यात तोंड बघून दाढी करावी रे."

"दाढी घरी करा. घेतली म्हणा, म्हणजे मी सुटलो. मागे अजून दोन इंजिनं उभी आहेत."

"घेतली," एल्झी म्हणाला.

गाडी निघाली. एकतीस डबे, भरलेले. ड्रायव्हर होबर्ट लायकिन्स, पेन्शनला दीड वर्ष राहिलेला माणूस, तोंडात तंबाखूचा तोबरा, त्यामुळे बोलणं कमी आणि जे बोलेल ते ओलं. मैलाचा खांब आला तेव्हा एल्झीने आगीकडे एकदा बघितलं. इतकी सुंदर आग. ती चार मिनिटं स्वतःचं बघून घेईल, असं त्याला वाटलं.

तो मागे साठ्यावर चढला आणि मोठाली ढेकळं निवडून इंजिनाच्या पायरीशी रचू लागला. लहान त्याला नको होती. हॅगरबाईच्यापेक्षा मोठी हवी होती. दहा झाली. पुढे वळणावर घर दिसलं. ड्रेमा कुंपणाशी त्याचाच जुना कोट घालून उभी होती आणि हाताने दाखवत होती, इकडे नको, तिकडे टाक, कोंबड्यांच्या खुराड्याकडे नको. त्याने ती सांगेल तिकडे टाकलं. एका ढेकळाने कुंपणाची फळी गेली. ड्रेमा हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती. घर दिसेनासं होईपर्यंत तो बाहेर वाकून हात हलवत राहिला.

आत वळला तेव्हा काटा एकशेऐंशीवर होता आणि आगीच्या मागच्या भागात हातभर भोक पडलं होतं. त्यातून गार हवा सरळ बॉयलरच्या नळ्यांत चालली होती.

अशा वेळी काय करायचं हे त्याला माहीत होतं. भोक आधी थोडंथोडं भरायचं. पण घाबरलेला फायरमन जे करतो ते त्याने केलं, फावड्यामागून फावडं ओला कोळसा आत लोटला. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला आणि काटा एकशेचाळीसवर आला.

होबर्टने तंबाखू खिडकीतून थुंकली. "बायको बरी आहे का तुझी?"

एल्झीने मान वर केली नाही. दुसऱ्या वळणावर गाडी थांबली.

मागे पॅसेंजर अडकली, एक तास पन्नास मिनिटं. साहेबांची हॅट वगैरे सगळं खरं होतं. पण साहेब वर पोचायच्या आत होबर्ट जे बोलला, ते साप्ताहिकात आलं नव्हतं.

"खंगर होता," होबर्ट म्हणाला.

"नव्हता, मिस्टर होबर्ट. मी स्वतः..."

"तू स्वतः काय करत होतास ते मी बघितलंय, आणि ते बघत मी गप्प बसलो, म्हणजे माझंही जाईल. दीड वर्ष राहिलंय माझं, पोरा. राखेच्या खड्ड्यावरच्या माणसाला काम कुठेही मिळतं." त्याने भट्टीत डोकावून बघितलं. "आणि एवढा ओला कोळसा दाबून घातलायस, अर्ध्या तासात आपोआप खंगर धरेल."

खरोखरच धरला. साहेबांनी आकडा घालून बघितलं तर आकड्याला लागला. खोट्याला पुरावा हवा असला की तो खऱ्यापेक्षा लवकर तयार होतो.

दुसऱ्या दिवशी यार्डाच्या कचेरीत चौकशी झाली. स्टोव्हशेजारी साहेब, खुर्चीवर होबर्ट, बाकावर एल्झी, आणि दाराशी टोपी हातात धरून लुशियस. त्याला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

"मिस्टर एल्झींनी बघितली होती, साहेब," लुशियस म्हणाला. "घेतली म्हणाले. विचारा त्यांना."

साहेबांनी एल्झीकडे बघितलं.

"बघितली होती, साहेब," एल्झी म्हणाला. "वरून साफ दिसत होती. तळाला राहिला असेल. मागच्या कोपऱ्यात."

"मागच्या कोपऱ्यात?" लुशियसने विचारलं. भांडायला म्हणून नाही. माहिती म्हणून विचारावं तसं.

"डाव्या," एल्झी म्हणाला. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण नुसतं खोटं उघडंबोडकं दिसतं, त्याला अंगावर काहीतरी घालावं लागतं.

लुशियसने आकडा धरल्यासारखा हात पुढे करून बघितला. मग म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात आकडा नीट पोचत नाही खरा." आणि त्याचं काम गेलं.

*

टिन्सलींचं घर रुळाच्या खालच्या अंगाला होतं, काळ्यांच्या वस्तीत, सपाटीवर. कोळसा टाकायला अगदी नियमात बसणारी जागा. एल्झीने पुढच्याच फेरीला तिथे सहा ढेकळं टाकली. त्याच्या पुढच्या फेरीला आठ. चौथ्या की पाचव्या फेरीला त्याला दिसलं की ढेकळं जिथे पडली तिथे नव्हती. रुळाशेजारी, कंपनीच्या हद्दीत, कोणीतरी ती एकावर एक रचून ठेवली होती. चौकोनी, भिंतीसारखी, कोपरे जुळवून. आणि घराच्या धुराड्यातून धूर येत नव्हता.

त्याने अजून टाकली. ढीग अजून वाढला.

फेब्रुवारीत तो कमरेएवढा झाला. सगळ्या गाड्यांवरच्या माणसांना तो दिसायचा. एक ब्रेकमन म्हणाला, "कोणीतरी कंपनीला कोळसा परत करतंय. जगात पहिल्यांदाच." सगळे हसले, एल्झीही हसला. होबर्ट हसला नाही. तो त्या घरावरून जाताना पलीकडच्या खिडकीतून नदी बघायचा.

एल्झीला वाटलं, लुशियसला सगळं कळलंय आणि तो थुंकतोय आपल्या कोळशावर. हे वाटणं सोसायला कठीण होतं, पण त्यात एक सोयही होती. आपल्यावर चिडलेल्या माणसाला आपण थोडं थोडं फेडत असतो. एप्रिलमध्ये टिन्सली मंडळी घर बंद करून ओहायोत कोलंबसला निघून गेली. दुसऱ्या दिवशी ढीग नव्हता. वस्तीतल्या लोकांनी नेला. एल्झीला त्या फेरीला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज पुढे बरीच वर्षं पुरली.

*

साहेबांच्या हॅटचा लेख छापून आल्यावर नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, ओहायोच्या पाटीची एक निळी गाडी दारात थांबली. चाळिशीची एक काळी बाई उतरली. अंगावर चांगला कोट, हातात पर्स.

"मिस्टर मॅककॉमस? मी व्हर्ना. लुशियस टिन्सलींची मुलगी."

एल्झी ओट्यावरच्या खुर्चीतून उठला. एका गुडघ्याने उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात त्याने तिच्या तोंडून काय काय ऐकावं लागेल ते सगळं ऐकून घेतलं. त्यातलं ती काहीच बोलली नाही.

ड्रेमाने तिला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, ॲपल-पाय कापला. "टिन्सली म्हणजे खालच्या वस्तीतले ना? तुझी आई चर्चच्या जत्रेत गोधड्या आणायची. आहे का ती?"

"आहे. बाबाही आहेत. एक्याऐंशी पूर्ण झाली. कान गेलेत, डोकं ठणठणीत." तिने पर्समधून कात्रण काढलं. "त्यांना इथलं साप्ताहिक टपालाने येतं. कोण मेलं ते बघतात. तुमचं सदर ते मोठ्याने वाचतात, आवडतं त्यांना. गायीवर तर दोन दिवस हसत होते."

एल्झी कॉफीकडे बघत होता.

"मग हे आलं," व्हर्ना म्हणाली. "दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, बघ, त्यांच्या अजून लक्षात आहे. मला म्हणाले, जा आणि एक गोष्ट विचारून ये. फोनवर नको, फोनवर माणूस भीड म्हणून काहीही बोलतो." ती जरा थांबली. "मला स्वतःला हे विचित्र वाटतं, पण त्यांनी सांगितलंय तसं विचारते. खंगर केवढा होता?"

"काय?"

"वीतभर होता की हातभर? ते म्हणतात, वीतभर असला तर आकड्याला चुकू शकतो, कोणाच्याही हातून चुकला असता. हातभर असला तर मी आंधळा होतो आणि बावीस वर्षं फुकटचा पगार खाल्ला. एवढं एकदा कळू दे म्हणतात."

ड्रेमा हसली. "पुरुषांचं काय एकेक असतं."

"पण तो ढीग," एल्झी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मी कोळसा टाकायचो. तुम्ही जाळला नाहीत."

"तुम्ही टाकायचात?" व्हर्नाने त्याच्याकडे बघितलं. "आम्हाला कधीच कळलं नाही कोण टाकतं ते. आई रोज भांडायची, पोरं काकडतायत, आण तो आत. बाबा म्हणायचे, माझ्या चुकीने त्यांची गाडी उभी राहिली. मी त्यांचा कोळसा कोणत्या तोंडाने जाळू? स्वतः रचून ठेवायचे. कंपनीचा माणूस येऊन घेऊन जाईल म्हणायचे."

बत्तीस वर्षं एल्झीने त्या ढिगाकडे शिवी म्हणून बघितलं होतं. ती शिवी नव्हती. त्याची स्वतःची लाज दुसऱ्याच्या घरी राहायला गेली होती, आणि तिथे तिला कोणी कधी एक दिवसाची सुट्टी दिली नव्हती.

व्हर्ना वाट बघत होती. एक शब्द पुरला असता. वीतभर. तो म्हातारा जेवला असता, ही पोरगी ॲपल-पाय खाऊन सुखाने पाच तास गाडी हाकत परत गेली असती, ड्रेमाने डबा भरून दिला असता. शब्द जिभेवर तयारच होता. एल्झीला खोटं कधीच आकड्याने ओढून काढावं लागलं नव्हतं.

"फोन लावून दे," तो म्हणाला.

"त्यांना ऐकू येत नाही हो. ओरडावं लागतं."

"लाव."

फोन भिंतीवर होता, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी. ड्रेमा तिथेच कपबश्या धूत होती. व्हर्नाने नंबर फिरवला, ओरडून नाव सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"मिस्टर एल्झी?" आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. "केवढा होता?"

"खंगर नव्हता, लुशियस."

"वीतभर?"

"नव्हता." एल्झीला ओरडावं लागलं. "खंगर नव्हताच. तुमची आग साफ होती. मी खोटं बोललो."

व्हर्ना उभी होती ती खुर्चीवर बसली.

"डाव्या कोपऱ्यात," लुशियस म्हणाला.

"कुठल्याच कोपऱ्यात नव्हता."

"मग गाडी का उभी राहिली?"

बत्तीस वर्षं रोज जो माणूस मनात तीच जाळी चाळत होता, त्याला हे विचारायचा हक्क होता. एल्झीने ड्रेमाच्या पाठीकडे बघितलं.

"मी कोळसा टाकत होतो," तो ओरडला. "माझ्या घरी. बायकोला. आगीकडे बघितलं नाही."

ड्रेमाने नळ बंद केला. वळली नाही.

"तुमचं घर चढाआधीच्या मैलात," लुशियस सावकाश म्हणाला.

"हो."

"त्या मैलात कोणी कोळसा टाकत नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. पावलं लांब गेली, अगदी हळू, आणि एक दार लागलं. मग दुसरी कोणाची तरी पावलं जवळ आली आणि फोन उचलला गेला.

"मी अल्मेडा टिन्सली," बाईचा आवाज म्हणाला. तिला ओरडावं लागत नव्हतं. "ऐकलं मी. तुम्ही ओरडत होतात, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल."

"मिसेस टिन्सली, मी..."

"थांबा. बत्तीस वर्षं मी ह्यांना सांगतेय, तुमच्या आगीत काही नव्हतं. तुम्ही कधी अर्धवट काम केलं नाही, मला माहीत आहे. सकाळी सांगितलं, जेवताना सांगितलं. पोरं थंडीने कुडकुडत होती तेव्हा सांगितलं." ती शांतपणे बोलत होती, जणू दुकानात राहिलेली वस्तू परत मागत होती. "बायकोचं ऐकलं नाही ह्यांनी. तुमचं ऐकलं."

फोन बंद झाला. एल्झी तो कानाशी धरून उभाच राहिला. शेवटी व्हर्ना उठली, त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि भिंतीवर अडकवला.